एकतीस नंबरची लेगिंग

शनिवार, ४ मार्च. पावतीवरचा आकडा सहा हजार चारशे नव्वद.

दुकानातल्या मुलीनं पावतीची घडी घातली, कागदी पिशवीत सरकवली आणि पिशवी पुढे करत विचारलं, "मुलीसाठी का हो, मावशी?"

"हो," ती म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून काचेच्या दारातून बाहेर पडली.

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण छप्पन्न वर्षांच्या बाईनं व्यायामाची लेगिंग स्वतःसाठी घेतली, हे त्या चकचकीत दुकानात मोठ्यानं सांगायला तिची जीभ वळेना. शिवाय मघाशीच त्या मुलीनं तिला संशयानं न्याहाळलं होतं. त्यातही नवल नव्हतं. एकाच मापाच्या, एकाच काळ्या रंगाच्या चौदा लेगिंग तिनं उलगडून पाहिल्या होत्या. प्रत्येकीची कंबर उलटी करायची, आत डोकावायचं आणि परत घडी. "सगळ्या सारख्याच आहेत हो," मुलगी दोनदा म्हणाली. पंधराव्या लेगिंगच्या कंबरेत बोटाच्या नखाएवढी पांढरी चिकटपट्टी सापडली: ३१. "ही द्या," ती म्हणाली.

एकतीस म्हणजे ती स्वतः.

कारखान्यात तिला सगळे याच आकड्यानं हाक मारत. नाव होतं, पण ते पगारपत्रकात. कारखान्यात परदेशी कंपनीसाठी व्यायामाचे कपडे शिवले जात. अडतीस बायकांची एक रांग, रांगेच्या शेवटी तपासणीची दोन टेबलं, त्यातल्या खिडकीपासून लांबच्या टेबलाशी ती एकोणीस वर्षं उभी होती. नग उलटा करायचा, कंबरेपासून घोट्यापर्यंत शिवणीवरून अंगठा फिरवायचा, दोन्ही हातांनी ताणायचा. टाका सुटलेला दिसला तर लाल चिकटपट्टी, नाहीतर आपल्या नंबरची पांढरी. दिवसाला साडेचारशे नग. लाल पट्टीचा नग दुरुस्त होण्यासारखा नसेल तर मोठ्या कात्रीनं त्याचे दोन तुकडे करत. चिंधीसुद्धा बाहेर नेता येत नसे, फाटकावर पिशव्या झाडून बघत. कामगारांना सवलत वगैरे प्रकार नव्हता. म्हणजे आयुष्यभर जे हाताखालून गेलं ते हवं असेल, तर चार लोकांसारखं दुकानात जाऊन पूर्ण पैसे मोजायचे.

आणि तिला ते हवं होतं. कपडा नव्हे, त्यामागचे आठ दिवस.

तिची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, बसनं नऊ तासांवर. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. लेकीचा फोन दर रविवारी अकराला यायचा, तो पंधरा मिनिटं चालायचा आणि त्यातली पाच मिनिटं "आणखी काय?" यात जायची. जानेवारीतल्या अशाच एका रविवारी तिच्या गुडघ्यांचा विषय निघाला. लेक म्हणाली, "दिवसभर उभी राहतेस ना, म्हणून. इकडे आलीस की चल माझ्याबरोबर जिमला. मोकळे होतील गुडघे. फक्त कपडे नीट घेऊन ये हं, तुझ्या त्या ढगळ झग्यात नाही चालायचं. तुमच्याच कंपनीचे घालतात इथं सगळ्याजणी."

लेकीनं हे बोलून लगेच दुसरं काहीतरी सांगायला घेतलं. आईनं मात्र ते वाक्य उचलून ठेवलं. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "मार्चमध्ये आले तर चालेल? बारा तारखेपासून आठ दिवस?"

"ये की," लेक म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

एवढं पुरे होतं. एकतीसनं सुपरवायझरच्या मागे लागून सहा दिवसांची बिनपगारी रजा मंजूर करून घेतली. दिवसाची मजुरी पाचशे वीस, म्हणजे तीन हजार एकशे वीसवर पाणी, वर महिन्याचा हजेरी भत्ता आठशे गेला तो निराळा. बसचं जायचं तिकीट काढलं, अकराशे पन्नास. राहिली लेगिंग.

पावडरच्या डब्यात साडेचार हजार होते. ते चष्म्याचे. जुन्या चष्म्यातून टाके अलीकडे मुंग्यांसारखे हलायला लागले होते. चष्मा मेमध्ये घेऊ, असं तिनं ठरवून टाकलं. दोन हजार कमी पडत होते, ते मागायला ती वाफेकाकांकडे गेली.

वाफेकाका म्हणजे शेजारच्या टेबलावरचे इस्त्रीवाले. साठीला टेकलेले, टक्कल वाफेनं कायम ओलं, बोलणं तिरकस. तिनं पास केलेला नग त्यांच्या हातात जायचा. एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा प्यायला नव्हता, पण कारखान्यातला चहा एकाच बाकावर बसून घेत.

"दोन हजार कशाला ग, एकतीस? नवीन दात बसवतेस?"

"लेगिंग घ्यायची आहे. आपली. काळी."

वाफेकाकांनी कप खाली ठेवला. "आपली? इथली? आणि कितीला देतात?"

"सहा हजार चारशे नव्वद."

"थांब थांब." त्यांनी बोटं मोजायला घेतली. "अडतीस बायका, दिवसाची मजुरी पाचशे वीस. एकोणीस हजार सातशे साठ. दिवसाला माल नऊशे नग. म्हणजे एका नगामागे बावीस. मग राहिलेले सहा हजार चारशे अडुसष्ट कुणाचे ग?"

"दुकानाच्या काचेचे," ती म्हणाली.

वाफेकाका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पण पैसे त्यांनी दुसऱ्या दिवशी आणले, आणि मोजूनही घेऊ दिले नाहीत. "लेकीला म्हणावं, आईला पळवू नको फार. परत आम्हाला हवी आहे."

रांगेतल्या बायकांनीही चेष्टा करून घेतली. "बारीक होऊन या हं, मावशी, नाहीतर फाटकावर ओळखणार नाहीत!" बटणं लावणारी, जिला तीन मुलगे होते आणि तिन्ही घरातच, ती म्हणाली, "नशीबवान आहात. आमचे बघा, शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी येत नाहीत." एकतीस हे सगळं ऐकून मान खाली घालून शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली, पण त्या आठवड्यात तिचा अंगठा जरा हलका चालला.

तर अशी ती लेगिंग घेऊन ती घरी आली. साडेसहा हजारांतले दहा उरले होते, ते बसला लागले. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, कोपऱ्यात ओटा, रस्त्याच्या बाजूला खिडकी. उन्हं अजून खिडकीत होती. तिनं हात धुतले, पुसले, लेगिंग काढली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं एक नग न तपासता विश्वासानं घेतला होता. आतला नंबर पाहिला आणि दुसरं काही पाहायची गरज वाटली नाही. आता नुसतं कौतुकानं तिनं ती उलटी केली आणि सवयीनं अंगठा फिरवला.

मांडीच्या आतल्या शिवणीवर अंगठा अडखळला.

तिनं ती खिडकीत धरून ताणली. तीन टाके सुटले होते. सलग तीन. दहा वेळा वाकलं की तिथून शिवण उसवत गेली असती. लाल पट्टीचा नग होता, आणि वर तिचाच आकडा पांढऱ्या पट्टीवर बसला होता.

एकतीस नंबरचा माल परत आला, असं कारखान्यात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुकानात परत नेऊन बदलून घेता आली असती, पण मग तो नग तक्रारीसह कारखान्यात आला असता, तिच्या टेबलावर. आणि खरं सांगायचं तर तो विचार नंतरचा. आधी तिच्या हातांनीच ठरवून टाकलं होतं. सुटलेला टाका समोर असताना तो तसाच ठेवणं तिला जमणाऱ्यातलं नव्हतं. तिनं डब्यातून बारीक सुई काढली, ताण सोसणारा काळा दोरा घेतला, तीन टाक्यांच्या अलीकडे पलीकडे बोटभर शिवण हातानं पक्की केली. मशीनलाही लाजवील अशी. मग ताणून पाहिली. मग घडी घालून, किमतीचं लेबल तसंच ठेवून, पिशवीत ठेवली. लेबल तिला लेकीसमोर कापायचं होतं.

शुक्रवारी, दहा तारखेला, संध्याकाळी फोन वाजला. रविवार नसताना लेकीचा फोन आला म्हणून तिनं घाईनं उचलला.

"आई, ऐक ना. ऑफिसचं काम निघालंय, पुढचा आठवडाभर मी बाहेरगावी आहे. तू पुढच्या महिन्यात येतेस का?"

"बरं."

"तिकीट काढलं नव्हतंस ना?"

"नाही, काढणारच होते."

"बरं झालं. मला धाकधूक होती. आणि आई, दुखतात ना गुडघे, तर लेप बिप लाव काहीतरी."

"जिमला गेलं तर मोकळे होतील म्हणाली होतीस."

"कुठली जिम? अगं ते! ते मी केव्हाच सोडलं. वेळ कुठे मिळतो?" पलीकडे कुणीतरी हाक मारली. "चल, ठेवते. रविवारी बोलू."

तिनं फोन ठेवला. लेकीचा राग आला का, तर नाही. पोर कामात होती, लबाडी काही नव्हती तिच्या बोलण्यात. एका जानेवारीत सहज म्हटलेली गोष्ट मार्चपर्यंत कोण लक्षात ठेवतं?

शनिवारी अर्ध्या दिवसाला ती कामावर गेली. रजा रद्द करा, एवढंच सुपरवायझरला सांगायचं होतं. पण तिच्या टेबलावर आठवड्यासाठी दुसरी बाई नेमून झाली होती, आणि सुटताना रांगेतल्या बायकांनी तिला घेरलं. बटणवालीनं प्रवासासाठी बिस्किटांचा पुडा दिला. "लेकीला सांगा, आमच्याकडून." त्या पुड्याकडे बघत "जात नाही आहे" म्हणायचं, आणि मग "का हो, लेक नको म्हणाली?" हा प्रश्न ऐकायचा, तोही प्रेमानं विचारलेला. ती पुडा घेऊन घरी आली.

बारा ते एकोणीस मार्च ती आपल्याच खोलीत लपून राहिली.

लपणं सोपं नसतं, त्याचंही वेळापत्रक लागतं. कारखान्यातल्या बायका सव्वासातला आणि साडेपाचला तिच्या खिडकीखालून जात. तेवढा वेळ ती ओट्याजवळ जमिनीवर बसे. कपडे दोरीवर न टाकता खुर्चीच्या पाठीवर वाळवी. दूध आणायला दहा वाजता उतरे, तेही पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून. खालून ओळखीचं हसणं आलं की ती हातातलं भांडं हळूच खाली ठेवी. एका संध्याकाळी साडेपाचला बटणवालीचा आवाज आला, "मावशी आता मस्त आरशासमोर उड्या मारत असतील." सगळ्याजणी हसल्या. ओट्याशी बसल्या बसल्या तिलाही क्षणभर हसू आलं, आणि ते कुणाला दाखवायचं हे कळेना.

बुधवारी तिनं पिशवी उचलली आणि बारा नंबरची बस पकडली. घेतलेला माल पंधरा दिवसांत, न वापरता, लेबलासह परत घेऊ, असं पावतीवर छापलं होतं. अकरावा दिवस होता. निदान वाफेकाकांचे पैसे फिटले असते, चष्मा झाला असता.

मुलगी तीच होती. तिनं लेबल पाहिलं, पावती पाहिली, लेगिंग उलटी केली आणि तिची बोटं शिवणीवरून फिरली. चांगली फिरली, हे एकतीसच्या लक्षात आलं. मांडीपाशी थांबली.

"ही शिलाई आमची नाही हो."

"थोडी सुटली होती," ती म्हणाली. "मी नीट केली."

मुलीनं दुकानाच्या व्यवस्थापकाला बोलावलं. तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला, उद्धट नव्हता. त्यानं शिवण उजेडात धरली. "मावशी, हातानं शिवलेला नग मी परत घेऊ शकत नाही. अंगात घातल्यावर उसवली असेल."

"घातलीच नाही. आधीपासून सुटली होती."

"तसं होत नाही," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आमचा एकूणएक माल तपासून येतो. हे बघा." त्यानं कंबर उलटी केली आणि पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "एकतीस. हा तपासणाऱ्याचा नंबर. माणूस स्वतः बघतो प्रत्येक नग. त्यानं पास केलं म्हणजे चूक नव्हती."

ती त्या बोटाकडे बघत राहिली. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर कदाचित पैसे मिळाले असते, पण एकतीस नंबर चुकतो हे एकतीस नंबरनंच सांगितलं असतं. आणि दुसरंही एक होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बाजूनं एवढ्या ठामपणे बोलत होतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "माझीच चूक."

पिशवी घेऊन ती परतीच्या बसमध्ये बसली. पावतीच्या पाठीवर तिनं बसमध्ये पेन्सिलीनं बेरीज मांडली: लेगिंग, बुडालेली मजुरी, भत्ता, वाया गेलेलं तिकीट. अकरा हजार पाचशे साठ. चष्मा त्यात धरायचा की नाही, हे ठरेना. मग उतरायचा थांबा आला.

गुरुवारी सकाळी, बायका खालून गेल्यावर, तिनं लेबल कापलं आणि लेगिंग घातली. छान बसली. कंबरेला घट्ट नाही, गुडघ्याला सैल नाही. कापड पायांना असं धरून होतं, जसं कुणी दोन्ही हातांनी धरावं. बघावं म्हटलं तर खोलीतला आरसा बेसिनवरचा, त्यात छातीपर्यंतच दिसायचं. ती स्टुलावर चढली. आता पाय दिसले, पण डोकं आरशाच्या वर गेलं. दोन नीटस काळे पाय, वरती जुना झगा गुंडाळून धरलेला, आणि माणूस कोण ते दिसत नाही. कापलेल्या लेबलावर एक बाई हवेत उडी मारताना दाखवली होती. एकतीसनं स्टुलावरून सावकाश उतरून दोनदा गुडघे वाकवले. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा गुडघा कटकन वाजला. लेगिंग तशीच अंगात ठेवून ती चहा करायला लागली.

रविवारी अकराला फोन आला.

"काय ग, काय केलंस आठवडाभर?"

"काय करणार? नेहमीचंच. कारखाना."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही."

लेकीला वाटत होतं आई कारखान्यात होती, कारखान्याला वाटत होतं ती लेकीकडे होती. आठ दिवस ती दोन्हीकडे नव्हती.

सोमवारी, वीस तारखेला, ती कामावर हजर झाली. बायकांनी सगळं विचारून घेतलं, आणि तिनं सगळं सांगितलं. जिमला चारी भिंतींना आरसे आहेत. लेक रोज सकाळी उठवायची. परत निघताना लेकीनं थांब म्हणून हात धरला. हे शेवटचं सांगायचं तिच्या मनात नव्हतं, ते आपसूक तोंडातून आलं. बटणवालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

चहाच्या वेळी वाफेकाका बाकावर येऊन बसले. त्यांचा एक गाल सुजला होता.

"बसली का ग लेगिंग?"

"मापाची."

"बरं." त्यांनी चहा फुंकला. "बुधवारी दाढ काढायला लवकर सुटलो होतो. बारा नंबरच्या बसमध्ये तुझ्यासारखीच एक बाई दिसली. हातात तसलीच कागदी पिशवी."

ती कपाकडे बघत राहिली. "असेल कुणी."

"असेल," वाफेकाका म्हणाले. "माणसासारखी माणसं असतात. मी हाक नाही मारली." मग कप घेऊन उठले. थोडं पुढे जाऊन मागे वळले. "तू खिडकीजवळचं टेबल मागून घे, एकतीस. इथं उजेड कमी आहे."

तिनं मागून घेतलं. आता ती प्रत्येक नग खिडकीत धरून बघते. त्यामुळे दिवसाला साडेचारशेऐवजी चारशेच होतात आणि सुपरवायझर कुरकुरतो. कामावर झग्याखाली ती रोज तीच लेगिंग घालते, दिवसभर उभं राहायला बरी पडते. लेकीनं "पुढच्या महिन्यात ये" पुन्हा दोनदा म्हटलं, तारीख कुणीच काढली नाही. चष्मा जुनाच आहे.

वाफेकाकांना तिनं एप्रिलमध्ये पाचशे दिले, मेमध्ये पाचशे, जूनमध्ये पाचशे. पाचशे अजून द्यायचे आहेत.